जुनी डिस्क, नवा संगणक आणि ‘आयडीई’ नावाचा घोळ : पार्श्वभूमी

गणपतीच्या आधी महिना-दोन महिने, अहवाल छापायची घाई सुरू झाली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या डीटीपीवाल्यांना एक प्रश्न हटकून येतो : “जुन्या कॉम्प्युटरची डिस्क आहे, नव्याला लागंल काय?” त्या डिस्कवर मंडळाच्या वर्गणीदारांची यादी असते, जुने अहवाल असतात, कुणाच्या पंचाहत्तरीची स्मरणिका असते. कॉम्प्युटर कधीच भंगारात गेलेला असतो. डिस्क तेवढी कपाटात जपलेली असते.

गिऱ्हाईक तिला ‘आयडीई डिस्क’ म्हणते, दुकानदारही तेच म्हणतो. पण दोघांच्या मनात एकच वस्तू असेल याची खात्री नसते.

मूळ अर्थ साधा आहे. डिस्क चालवणारा कंट्रोलर पूर्वी वेगळ्या कार्डावर असे. १९८६ च्या सुमारास तो डिस्कच्याच अंगावर बसवला गेला, म्हणून नाव पडले आयडीई, म्हणजे इंटिग्रेटेड ड्राइव्ह इलेक्ट्रॉनिक्स. पुढे १९९४ साली अमेरिकेत याचे अधिकृत मानक झाले तेव्हा मात्र नाव घेतले एटीए, म्हणजे एटी अटॅचमेंट. त्यातले ‘एटी’ आयबीएमच्या १९८४ च्या पीसी-एटी या यंत्रावरून आले. दुकानांनी हे नाव कधी मनावर घेतले नाही. २००३ साली बारीक केबलचा साटा (सिरियल एटीए) आला आणि धाकटा जन्मल्यावर आधीच्याला थोरला म्हणावे, तसे जुन्या पद्धतीचे ‘पाटा’ (पॅरलल एटीए) असे बारसे झाले. मराठी कानाला त्यात वरवंटाच ऐकू येतो. म्हणून की काय, हे नावही आपल्याकडे चालले नाही. रुंद पट्टीची, चाळीस पिनांची केबल म्हणजे आयडीई, हे पक्के राहिले.

एवढ्यावर भागले असते तर हा लेख लिहायची गरज नव्हती. पण साटा आल्यावर बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना आधी चालणाऱ्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये, एक पर्याय दिसू लागला : साटा मोड, आणि त्याखाली आयडीई किंवा एएचसीआय (साटाची स्वतःची नवी पद्धत). इथल्या आयडीईचा त्या रुंद केबलशी काहीही संबंध नाही. साटाची डिस्क जुन्या विंडोजला जुन्या पद्धतीची भासवायची, एवढेच त्याचे काम. विंडोज एक्सपीच्या मूळ सीडीत एएचसीआयचा ड्रायव्हर नव्हता, म्हणून ही सोय ठेवलेली. जुनी डिस्क दिसत नाही म्हणून कुणीतरी हा पर्याय बदलतो. जुनी डिस्क दिसत नाहीच, वर चालू असलेली विंडोज निळा पडदा दाखवून बसते. शेवटी ७बी आकडा असलेली ती चूक ज्यांनी पाहिली आहे, त्यांना जास्त सांगायला नको. पर्याय पूर्ववत केला की बहुधा सगळे सुरळीत होते, पण तोवर घाबरून कुणीतरी विंडोज नव्याने टाकलेली असते.

अडॅप्टरची तऱ्हा आणखी वेगळी. ‘आयडीई टू साटा’ असे छापलेली पट्टी दोन उलट कामांसाठी विकली जाते : एक जुनी डिस्क नव्या मदरबोर्डाला जोडते, दुसरी नवी डिस्क जुन्या बोर्डाला. काही पट्ट्यांवर दिशा बदलायचा खटका असतो, काहींवर नसतो. बंगळूरच्या एसपी रोडवरून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवलेली पट्टी उलटी निघाली की दोष डिस्कला लागतो.

आता ज्यावरून अजून वाद होतो तो निर्णय. २००६ मध्ये एका मोठ्या चिप कंपनीने आपल्या ९६५ चिपसेटसोबतच्या (मदरबोर्डावरच्या मुख्य चिपांच्या संचासोबतच्या) चिपमधून आयडीई डिस्क जोडायची सोय काढून टाकली. साटा येऊन जेमतेम तीन वर्षे झाली होती आणि सीडी ड्राइव्ह तर सर्रास आयडीईच होते. बोर्ड बनवणाऱ्यांनी तिसऱ्याच कंपनीची चिप लावून एक सॉकेट टिकवले, पण त्या काळच्या लिनक्सच्या काही सीडी सुरू होऊन मध्येच अडत. ज्या ड्राइव्हमधून सुरू झाल्या तोच त्यांना सापडत नसे. जुने ओझे कधीतरी उतरवावेच लागते, हे समर्थकांचे म्हणणे चूक नाही. तरी सात-आठ वर्षे एकच यंत्र राबवणाऱ्या छापखान्यांच्या बाजूने पाहिले तर घाईच झाली, असे माझे मत आहे. याच कंपनीने २०१७ साली जाहीर केले की २०२० पर्यंत नव्या यंत्रांवर जुन्या बायोसच्या पद्धतीने विंडोज वगैरे सुरू करायची सोय, म्हणजे सीएसएम, बंद होईल. त्यामुळे जुन्या डिस्कवरची विंडोज ९८ नव्या यंत्रावर थेट सुरू करायची हौस सोडलेली बरी. फाइली वाचणे ही निराळी गोष्ट, आणि ती जमते.

जमते ती यूएसबी अडॅप्टरने. नव्या लॅपटॉपला दुसरी वाट उरलेलीही नाही. साडेतीन इंची डिस्कला बारा व्होल्ट लागतात, ते यूएसबीतून मिळत नाहीत; वेगळा पॉवर अडॅप्टर हवाच. लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कला ४४ पिना असतात आणि पाच व्होल्ट त्यातूनच जातात. डिस्कच्या मागच्या पिनांवर बसणारी छोटी टोपी, म्हणजे जंपर, ‘मास्टर’ लिहिलेल्या जागी ठेवावा. ऐंशी जीबीची डिस्क बत्तीसच दाखवत असेल तर जुन्या बायोसला झेपावी म्हणून कुणीतरी क्षमता कमी करणारा जंपर लावलेला असू शकतो. ५०४ एमबीच्या आतल्या अगदी जुन्या डिस्क बऱ्याच अडॅप्टरना ओळखता येत नाहीत, कारण त्यांना क्षेत्रांचे सलग क्रमांक लागतात आणि त्या डिस्कांचा हिशेब सिलिंडर-हेड-सेक्टर अशा तीन आकड्यांच्या पत्त्याचा. विंडोजने ‘फॉरमॅट करायचे का’ विचारले तर नाही म्हणावे.

फ्लॉपीचे थोडक्यात : साडेतीन इंचीला यूएसबी ड्राइव्ह मिळतो, सव्वापाच इंचीला तो उपयोगाचा नाही. खानापूरकडच्या पावसात बुरशी धरलेली फ्लॉपी पुसल्याशिवाय आत घालू नये. ड्राइव्हचे हेड खराब होते.

डिस्क वाचली गेली तरी सीमाभागात काम संपत नाही. युनिकोडच्या (सर्व भाषांच्या अक्षरांना वेगळे क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या मराठी फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या जागा वापरल्या, आणि कन्नड टायपिंगच्या नुडी या सॉफ्टवेअरच्या फॉन्टांनीही तेच केले. इथल्या लग्नपत्रिका नि हँडबिले दोन्ही भाषांत, एकाच पानावर. तो फॉन्ट नव्या यंत्रावर नसला की वरची मराठी ओळ आणि खालची कन्नड ओळ, दोन्ही सारख्याच अगम्य इंग्रजी चिन्हांत दिसतात. कन्व्हर्टर आहेत, पण अख्खे पान मराठीच्या कन्व्हर्टरमध्ये घातले तर कन्नड ओळींची देवनागरीत खिचडी होते. कोणती ओळ कुठल्या भाषेची, हे आधी माणसालाच वेगळे काढावे लागते. जुनी छापील प्रत समोर असली तर ते अर्ध्या तासाचे काम आहे.