नोकरीधंदा सांभाळून केलेली सेवा : क्लबांच्या कामामागचा इतिहास

जुलै उजाडला की तालुक्याच्या गावीसुद्धा रोटरी-लायन्स या सेवाभावी क्लबांचे पदग्रहण समारंभ सुरू होतात. नवा अध्यक्ष, नवा सचिव, वर्षभराच्या प्रकल्पांची घोषणा. मग रक्तदान, नेत्रतपासणी, वह्यावाटप, वृक्षारोपण करत जून येतो आणि खुर्ची पुढच्याकडे जाते. अध्यक्षपद कुणाची मिरासदारी होत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण. पण चांगलं चाललेलं काम अर्ध्यावर सुटतं, त्याचं कारणही बऱ्याचदा ही एका वर्षाची मुदतच असते. दुकान, दवाखाना, कचेरी सांभाळून आठवड्याचे थोडे तास देणाऱ्या माणसांच्या हातून लांब पल्ल्याचं काम होतं का? हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे.

१९०५ हे साल इथे महत्त्वाचं. त्या वर्षी २३ फेब्रुवारीला शिकागोत पॉल हॅरिस नावाचा वकील, एक कोळशाचा व्यापारी, एक खाणअभियंता आणि एक शिंपीकामाचा व्यावसायिक असे चौघे जमले आणि रोटरीची सुरुवात झाली. तेव्हा सेवेचा फारसा विचार नव्हता. मोठ्या शहरात ओळखीपाळखी व्हाव्यात, एकमेकांच्या धंद्याला हात मिळावा, एवढाच हेतू. १९०७ मध्ये शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृहं व्हावीत म्हणून या क्लबाने खटपट सुरू केली. नागरी सेवेचं त्यांचं पहिलं मोठं काम ते.

रोटरीच्याच जन्मवर्षी, १२ जून १९०५ ला, पुण्यात गोपाळ कृष्ण गोखल्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. त्याची घडण अगदी उलटी. सभासदाने आयुष्य द्यायचं, जुजबी निर्वाहवेतनावर राहायचं, पाच वर्षं शिकाऊ म्हणून काढायची आणि प्रतिज्ञा घ्यायची. अशी माणसं थोडीच मिळणार. संसार असलेल्या, पण मनात कळकळ असलेल्या बाकीच्यांनी काय करायचं?

त्याचं उत्तर गोखल्यांच्याच एका सहकाऱ्याने मुंबईत दिलं. १९११ मध्ये नारायण मल्हार जोशींनी सोशल सर्व्हिस लीग उभी केली. आज लोअर परळला ना. म. जोशी मार्गावरून रोज हजारो लोक जातात, पण कामगार चळवळीचे हे जनक आधी स्वयंसेवकांचे संघटक होते, हे क्वचितच सांगितलं जातं. लीगची रीत मला आजही अनुकरणीय वाटते. आधी गिरणगावातल्या जगण्याची माहिती गोळा करायची, तिचा अभ्यास करायचा, त्यावर लोकमत तयार करायचं आणि स्वयंसेवकांना शिकवून कामाला लावायचं. त्यातून रात्रशाळा निघाल्या, वाचनालयं आणि फिरती ग्रंथालयं निघाली, दवाखाने, सहकारी पतपेढ्या, कायद्याचा सल्ला मिळू लागला. दुष्काळ, पूर, साथ आली की तयार माणसं हाताशी असत. रात्रशाळेचा तर मुद्दाच हा, की ती एका दिवसात उरकता येत नाही. शिकवणारा बदलला तरी वर्ग दुसऱ्या दिवशी भरवावाच लागतो. जोशी पुढे १९२० मध्ये आयटक या देशव्यापी कामगार महासंघाच्या स्थापनेत अग्रभागी होते. त्या कामाचा पाया परळच्या चाळींतच घातला गेला होता.

स्त्रियांच्या बाबतीत तर आपल्याकडची वाट क्लबांच्या बरीच पुढे होती. रमाबाई रानडे आणि भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केलं, आणि तिथून परिचारिका, शिक्षिका तयार होऊ लागल्या. रोटरीत मात्र स्त्रियांना सभासदत्व मिळायला १९८० चं दशक संपत आलं. कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते गावच्या क्लबाने स्त्रियांना घेतलं म्हणून रोटरीच्या मध्यवर्ती संघटनेने त्याची सनद काढून घेतली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं, १९८७ मध्ये निकाल दुआर्तेच्या क्लबाच्या बाजूने लागला आणि १९८९ मध्ये रोटरीने जगभरासाठी नियम बदलला. तोवर रोटेरियनांच्या घरच्या स्त्रियांनी, १९२४ मध्ये मँचेस्टरला सुरू झालेल्या इनर व्हीलमधून, आपलं काम चालवलं होतं.

भारतात रोटरी आधी कलकत्त्यात आली, मुंबईत १९२९ मध्ये. सुरुवातीला हा मोठे व्यापारी, अधिकारी, बॅरिस्टर यांचा इंग्रजीत चालणारा घोळका होता. स्वातंत्र्यानंतर डॉक्टर, वकील, प्राध्यापक, दुकानदार यांच्यासोबत तो जिल्ह्यात-तालुक्यात उतरला. लायन्सचा देशातला पहिला क्लब १९५६ मध्ये मुंबईतच निघाला. दृष्टिहीनांचं काम त्यांनी आपलं मानलं, ते १९२५ मध्ये हेलन केलर यांनी त्यांच्या अधिवेशनात घातलेल्या सादेपासून. गावोगावच्या मोतीबिंदू शिबिरांचं मूळ तिथे आहे. मुंबईकर नाना चुडासमांनी १९७२ मध्ये जायंट्सची स्थापना केली, तो इथल्या मातीतलाच क्लब.

पण सुरुवातीच्या प्रश्नाचं सर्वांत भक्कम उत्तर पोलिओने दिलं. १९७९ मध्ये फिलिपिन्समध्ये मुलांना लस देण्यापासून रोटरीने हे काम धरलं आणि १९८५ मध्ये जगभराची मोहीम म्हणून जाहीर केलं. भारतात १९९५ च्या डिसेंबरात देशव्यापी पल्स पोलिओ सुरू झाला. रविवारी सकाळी बूथ लागायचा, बर्फाच्या डब्यातून कुप्या निघायच्या, बाळाच्या डाव्या करंगळीला शाई लागायची. पुढचे दिवस घरोघरी फिरण्याचे, दारावर खडूने खूण करण्याचे. एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन, वीटभट्ट्या, ऊसतोड कामगारांच्या कोप्या, असं जिथे फिरस्तं मूल सापडेल तिथे जावं लागे. खरा भार आरोग्यसेविका, अंगणवाडी सेविका, आशाताई यांनीच वाहिला, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे. क्लबांनी पैसा, गाड्या, माणसं, नाश्तापाणी पुरवलं आणि लशीला तयार नसलेल्या वस्त्यांत जाऊन समजूत घातली.

२००९ मध्ये देशात ७४१ रुग्ण होते, जगातल्या निम्म्याच्या जवळपास. २०१० मध्ये ४२ आणि २०११ मध्ये एकच, पश्चिम बंगालमधल्या हावड्याची एक चिमुरडी. २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित केला. १९८५ पासून मोजलं तर या काळात प्रत्येक जुन्या क्लबात पंचवीसहून अधिक अध्यक्ष आले नि गेले, पण कुणीही 'हा मागच्या वर्षीचा प्रकल्प' म्हणून तो बाजूला ठेवला नाही. अफगाणिस्तान आणि पाकिस्तानात विषाणू अजून फिरतो आहे, त्यामुळे आपल्याकडेही लसीकरणाचे रविवार संपलेले नाहीत आणि बूथवर बसायला माणसं अजून लागतात.