एव्हो २००४ : दायगो आणि जस्टिन यांच्या लढतीची पार्श्वभूमी

२००४ मध्ये कॅलिफोर्नियातील पोमोना येथे ‘एव्हो’ या व्हिडिओ गेम स्पर्धेत, ‘स्ट्रीट फायटर ३ : थर्ड स्ट्राइक’ या दोघांनी समोरासमोर लढायच्या खेळात जपानचा दायगो उमेहारा आणि न्यूयॉर्कचा जस्टिन वाँग यांची जी लढत झाली, ती अनेकदा धाडसी खेळाडूने बचावखोराला शिकवलेला धडा म्हणून सांगितली जाते. हे सांगणे जस्टिनवर अन्याय करणारे आहे.

कॅपकॉम कंपनीचा ‘स्ट्रीट फायटर २’ १९९१ मध्ये आर्केडमध्ये, म्हणजे नाणे टाकून व्हिडिओ गेम खेळायच्या दालनांत आला, तेव्हा जिंकणारा यंत्रावर टिकून राहायचा आणि हरणाऱ्याला पुन्हा नाणे टाकून आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागायचे. साहजिकच, जोखीम टाळून प्रतिस्पर्ध्याच्या चुकीची वाट पाहणारा खेळ वाढला आणि त्याबरोबरच असा खेळ रडीचा मानावा की नाही, हा वादही सुरू झाला. १९९६ मध्ये सनीव्हेल येथे भरलेल्या ‘बॅटल बाय द बे’ या स्पर्धेतून पुढे ‘एव्हो’ उभी राहिली. २००२ पासून ती याच नावाने ओळखली जाते. नियमात बसणारा प्रत्येक डाव अशा स्पर्धांत ग्राह्य धरला जाई, त्यामुळे त्या वादाचा निकाल प्रत्यक्ष खेळातच लागू लागला.

जस्टिन घडला तो मॅनहॅटनमधील ‘चायनाटाउन फेअर’ या आर्केडमध्ये. थोडीशी आघाडी मिळवायची आणि समोरच्याला पुढे यायला भाग पाडायचे, ही त्याची रीत होती. तिला लागणारा संयम माझ्या मते आक्रमणाइतकाच कष्टसाध्य आहे. दायगो मात्र दडपण वाढवत नेणारा खेळाडू म्हणून प्रसिद्ध होता.

पोमोनाला दायगो खेळवत असलेल्या केन या पात्राची शक्ती इतकी कमी उरली होती की विशेष फटका नुसता अडवला असता, तरी त्यातून होणाऱ्या किरकोळ हानीने तो हरला असता. जस्टिनने आपल्या चुन-ली या पात्राचा पंधरा लाथांचा सुपर, म्हणजे सर्वांत जोरदार विशेष हल्ला, सोडला. उपाय एकच होता, तो म्हणजे पॅरी : फटका लागण्याच्या नेमक्या क्षणी जॉयस्टिक प्रतिस्पर्ध्याच्या दिशेने ढकलायची, आणि तीही प्रत्येक लाथेसाठी स्वतंत्रपणे. पहिली पॅरी तर सुपर डोळ्यांना दिसण्यापूर्वीच, अंदाजाने करावी लागते. दायगोने पंधराही लाथा परतवल्या, शेवटची हवेत उडी घेऊन, आणि प्रतिहल्ला करत फेरी जिंकली. जस्टिनने इतक्या चिकाटीने त्याला कोंडीत पकडले नसते, तर या कौशल्याची गरजच पडली नसती.

ही लढत अंतिम नव्हती. एव्होत खेळाडू दोनदा हरल्यावरच बाद होतो, आणि ही एकदा हरलेल्यांच्या गटातली शेवटची लढत होती. अंतिम सामन्यात दायगो जपानच्याच केन्जी ओबाताकडून हरला, ही गोष्ट या लढतीची चित्रफीत पाहणाऱ्या बहुतेकांना ठाऊक नसते. पुढे काही वर्षे स्पर्धांपासून दूर राहून दायगोने वृद्धांच्या सेवाकेंद्रात काम केले. ‘स्ट्रीट फायटर ४’मुळे तो परतला आणि २००९ मध्ये लास व्हेगासच्या एव्होत अंतिम फेरीत पुन्हा जस्टिनच समोर आला. एकदा हरलेल्यांच्या गटातून आलेल्या जस्टिनने पहिला संच जिंकून, म्हणजे दायगोलाही एकदा हरवून, विजेतेपदाचा निर्णय दुसऱ्या संचावर नेला, आणि तो दायगोने र्‍यू हे पात्र घेऊन जिंकला.