उपाशी विठोबाजवळ जेवायला कुठे जावं?

मावशी नाशिकहून आली होती. संध्याकाळी भूक लागली तशी तिनं मोबाइलवर लिहिलं, 'उपाशी विठोबाजवळ चांगलं जेवण'. नुसती अक्षरं जुळवणाऱ्या यंत्रानं तिच्यासमोर 'उपाशी' आणि 'जेवण' असलेली पानं ठेवली असती, म्हणजे रिकाम्या पोटी काय खाऊ नये याचे सल्ले. उपाशी विठोबा हे पुण्यातलं देऊळ आहे, हे अक्षरांत कुठेच दिसत नाही. पत्र्या मारुती आणि खुन्या मुरलीधराच्या गावात अक्षरांवर विसंबून भागत नाही.

त्यात आपली विभक्ती. 'पुण्यात गर्दी वाढली' आणि 'पुण्यात भर पडली' ही दोन वाक्यं बघा. पहिल्यात गाव आहे, दुसऱ्यात बहुतेक पाप-पुण्याचा हिशेब. शब्द हुबेहूब तोच; खुलासा होतो तो शेजाऱ्यांवरून. शब्दाची ओळख त्याच्या सोबतीवरून होते, असं इंग्रज भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी 1957 मध्ये म्हटलं होतं. आजचा अर्थाधारित शोध याच कल्पनेवर उभा आहे. लाखो वाक्यं वाचून यंत्र प्रत्येक शब्दाला आकड्यांची एक माळ देतं. सारख्या सोबतीत वावरणाऱ्या शब्दांच्या माळा एकमेकींजवळ पडतात. म्हणून 'खानावळ' शोधली तरी 'मेस' सापडू शकते. 2013 च्या वर्ड-टू-व्हेक या माळा बनवणाऱ्या पद्धतीत एका शब्दाला एकच माळ होती, त्यामुळे आपलं 'पुण्यात' तिथे अडकलं असतं. 2018 मध्ये आलेलं बर्ट हे भाषेचं मॉडेल वाक्य बदललं की माळही बदलतं. त्याच्या छोट्या आवृत्तीत एका माळेत 768 आकडे असतात. गूगलनं 2019 मध्ये ते शोधात वापरायला घेतलं.

पण अर्थ कळला म्हणून देऊळ सापडत नाही. त्यासाठी जगातल्या गोष्टींची नोंदवही लागते. गूगलनं 2012 मध्ये नॉलेज ग्राफ आणला तो याचसाठी. त्यात माणूस, गाव, वास्तू अशी प्रत्येक गोष्ट, म्हणजे एंटिटी, स्वतंत्र नोंदलेली असते आणि नात्यांनी दुसरीशी बांधलेली असते. विकिडेटा ही अशीच, पण सर्वांना खुली वही. तिथे पुण्याचा क्रमांक क्यू 1538. पुणे म्हणा, पूना म्हणा, क्रमांक तोच. 'शनिवारवाडा शनिवारी उघडा असतो का' यातला एक शनिवार वास्तूच्या नावातला आणि दुसरा वाराचा, हे यंत्राला कळतं ते अर्थाची समज आणि नोंदवही या दोन्ही गोष्टी एकत्र आल्यावर.

एसइओवाल्यांचा, म्हणजे शोधात पान वर आणून देणाऱ्यांचा, धंदा यामुळे बदलला. 'बेस्ट खानावळ पुणे, पुणे बेस्ट खानावळ' असं पानभर घोकण्यात आता अर्थ नाही (तेव्हाही वाचणाऱ्याला नव्हता). माझ्या एका मित्राची खानावळ आहे. पाटीवर 'खानावळ', नकाशावर 'भोजनालय', इन्स्टाग्रामवर 'किचन', आणि फोन नंबर दोन. ही एकच जागा आहे की तीन, हे यंत्रानं ठरवायचं कसं? नाव, पत्ता, फोन सगळीकडे एकच ठेवणं हे पहिलं काम. दुसरं, स्कीमा डॉट ऑर्गची शब्दावली. मोठ्या सर्च कंपन्यांनी ती 2011 मध्ये मिळून काढली. हे उपाहारगृह, हा पत्ता, या वेळा, असं पानाच्या कोडमध्ये यंत्राला कळेल अशा रकान्यांत लिहायचं. त्यानं पहिला नंबर मिळेलच असं नाही, ओळख मात्र पक्की होते.

मित्रानं नाव-पत्ता दुरुस्त केला. वेळांचा रकाना 'नंतर बघू' म्हणून ठेवून दिला. मावशीला मोबाइलनं त्याचीच खानावळ दाखवली. ती पोहोचली तर दाराला कुलूप, वर खडूनं लिहिलेलं: 'रविवारी संध्याकाळी बंद'.