बुबुळावरची काच: पुढून रोज नवी, मागून जन्माची

सहा महिन्यांची भाची मांडीवर खेळत होती. तिचा हात एकदम वर आला आणि कागदासारखं पातळ नख माझ्या उजव्या डोळ्याला लागलं. पुढे कितीतरी तास डोळा उघडता येईना. पाणी थांबेना, उजेड सोसेना, पापणी मिटली की आत वाळू घासतेय असं वाटायचं. डॉक्टरांनी केशरी रंग लावलेली कागदाची पट्टी पापणीच्या आत टेकवली, निळा दिवा लावला आणि फोटो काढून मला दाखवला: बुबुळावर चमकणारी हिरवी रेघ, अर्ध्या तांदळाएवढी. दुसऱ्या दिवशी ती धाग्याएवढी बारीक झाली होती. तिसऱ्या दिवशी नव्हतीच. डागही राहिला नाही. गुडघा खरचटला तर एवढ्या दिवसांत खपलीसुद्धा गळून पडत नाही.

बोलताना आपण सगळ्यालाच बुबुळ म्हणतो, पण काळा-तपकिरी दिसणारा भाग जरा आत असतो. त्याच्यावर घड्याळाच्या काचेसारखी बसलेली पारदर्शक चकती म्हणजे कॉर्निया, पुस्तकी मराठीत पारपटल. रुंदी साधारण ११.५ मिलिमीटर, मधोमध जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. प्रकाश वाकवून पडद्यावर आणण्याचं सुमारे दोन तृतीयांश काम हीच करते. उरलेलं आतलं भिंग. निरोगी कॉर्नियात रक्तवाहिनी एकही नसते, कारण ती नजरेच्या आड आली असती. मग प्राणवायू येतो हवेतून, अश्रूंत विरघळून. झोपेत तो पापणीच्या आतल्या अंगाच्या रक्तवाहिन्यांकडून मिळतो. साखर मिळते कॉर्नियाच्या मागे भरलेल्या पाण्यासारख्या द्रवातून. मज्जातंतूंचं जाळं मात्र त्वचेच्या शेकडो पट दाट. कुसळ गेलं तरी माणूस कासावीस होतो तो यामुळे.

पुढच्या बाजूला पेशींचे पाच ते सात थर असतात. ओरखडा पडला की जखमेच्या कडेच्या पेशी आपली पकड सैल करतात, चपट्या होतात आणि सरकत सरकत उघडी जागा झाकतात. आधी झाकणं, मग विभागून थरांची जाडी भरून काढणं, असा क्रम असतो. माझी हिरवी रेघ बारीक होत गेली ती याच सरकण्यामुळे. पण जखम नसली तरी हे काम थांबत नाही. वरच्या पेशी पापण्यांच्या उघडझापीत झडून अश्रूंबरोबर जातात आणि साधारण ७ ते १० दिवसांत हा सगळा थर नवा होतो.

नव्या पेशी येतात कुठून? आरशात पाहा: बुबुळाचं काळं आणि डोळ्याचं पांढरं जिथे मिळतं, ती गोल कड. तिथे स्टेम सेल, म्हणजे मूळपेशी, राहतात. १९७१ साली दावांगर आणि एव्हेन्सन या नॉर्वेच्या संशोधकांनी या कडेकडे बोट दाखवलं. १९८३ मध्ये थॉफ्ट आणि फ्रेंड यांनी शाळकरी वाटावं असं समीकरण मांडलं: तळातून वर येणाऱ्या पेशी अधिक कडेकडून मध्याकडे सरकणाऱ्या पेशी, बरोबर झडणाऱ्या पेशी. हा हिशेब जुळतो तोवर काच स्वच्छ.

हे सरकणं प्रत्यक्ष दिसतंही. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांना अमिओडारोन नावाचं औषध देतात. ते घेणाऱ्या बहुतेकांच्या कॉर्नियात तपकिरी कण साठतात आणि तपासणीच्या सूक्ष्मदर्शकात त्यांची नक्षी दिसते: कडेकडून आत वळत येणाऱ्या रेषा, थेट डोक्यावरच्या केसांच्या भोवऱ्यासारख्या. पेशी ज्या वाटेने चालत आल्या, ती वाटच रंगून निघालेली. मला हे चित्र विलक्षण सुंदर वाटतं.

कड जळली तर मात्र सगळं बिघडतं. आपल्याकडे याचं एक घरगुती कारण आहे: तंबाखूबरोबरची चुन्याची पुडी. मूल ती हातात घेऊन दाबतं, पुडी फुटते आणि चुना डोळ्यात उडतो. चुना अल्कली आहे, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा; तो आत आत जाळत जातो. मूळपेशी मेल्या की पांढऱ्या भागावरची पातळ त्वचा रक्तवाहिन्यांसकट कॉर्नियावर चढते आणि नजर जाते. असं झालं तर त्या क्षणी स्वच्छ पाण्याची धार धरा, अर्धा तास तरी, पापण्या उलगडून, चुन्याचे कण निघेपर्यंत. दवाखाना त्यानंतर, पण लगेच. चुन्याची पुडी मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नका, हे मी हात जोडून सांगतो.

अशा डोळ्यांसाठी हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेतल्या डॉ. वीरेंद्र सांगवान आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये एक साधी पद्धत जगासमोर ठेवली. दुसऱ्या, चांगल्या डोळ्याच्या कडेचा सुमारे दोन मिलिमीटरचा तुकडा घ्यायचा, त्याचे बारीक आठ-दहा तुकडे करायचे आणि गर्भवेष्टनाच्या, म्हणजे पोटातल्या बाळाभोवतीच्या पिशवीच्या, पडद्यावर कॉर्नियाभर चिकटवायचे. रोपं लावल्यासारखे. पेशी पसरतात, थर तयार होतो. पेशी वाढवणारी महागडी प्रयोगशाळा लागत नाही.

आता मागची बाजू. तिथे पेशींचा फक्त एक थर असतो, मधमाशीच्या पोळ्यासारखा षटकोनी. त्यांचं काम पाणी उपसण्याचं. कॉर्नियाचा मधला जाड भाग सतत पाणी ओढून घेतो. तो फुगला तर त्यातल्या कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंची शिस्तीची मांडणी मोडते आणि काच धुरकट होते. या उपसणाऱ्या पेशी माणसात जन्मानंतर जवळजवळ विभागतच नाहीत. लहानपणी दर चौरस मिलिमीटरला साडेतीन-चार हजार, प्रौढपणी अडीच हजारांच्या आसपास, आणि दर वर्षी साधारण ०.६ टक्के घट. एक मेली की शेजारच्या पसरून जागा भरतात, म्हणून म्हातारपणी त्या मोठ्या आणि वेड्यावाकड्या दिसतात. बहुतेकांना हा साठा जन्मभर पुरतो. फुक्सचा आजार, म्हणजे या पेशी लवकर मरत जाण्याचा विकार, असलेल्यांना पुरत नाही. संख्या पाचशेच्या खाली घसरली की उपसा कमी पडतो. या आजारात सकाळी उठल्यावर धूसर दिसतं आणि दुपारपर्यंत निवळतं; रात्रभर मिटलेल्या डोळ्यातून पाणी उडून गेलेलं नसतं, म्हणून.

वयाबरोबर पुढची बाजूही थोडी मंदावते. अश्रू कमी होतात, संवेदना बोथट होते, कडेची मूळपेशींची घरं पुसट होतात. मधुमेहात मज्जातंतू झिजल्याने साधा ओरखडाही रेंगाळतो. आणि दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे थेंब लाल डोळ्यात घालणं, विशेषतः उसाचं पातं लागून आत बुरशी शिरलेली असताना, डोळा गमावण्याची वाट आहे.

मागच्या साठ्यात भर घालता येईल का, यावर जपानमधल्या क्योतो इथे शिगेरू किनोशिता यांच्या गटाने अनेक वर्षं काम केलं. दान केलेल्या कॉर्नियातल्या पेशी त्यांनी प्रयोगशाळेत वाढवल्या आणि ११ रुग्णांच्या डोळ्यांत सुईने सोडल्या. निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले, २०२३ मध्ये जपानने या उपचाराला मान्यता दिली. सुई दिल्यावर रुग्णाला तीन तास पालथं झोपवतात. पेशी आपल्याच वजनाने खाली, म्हणजे कॉर्नियाच्या मागच्या अंगावर, जाऊन बसतात आणि उपसा सुरू करतात.