चैत्रातलं ऊन आणि साधा कॅमेरा

फाल्गुन लागला की ठाण्याजवळच्या येऊरच्या वाटेवर आणि नवी मुंबईतल्या नेरुळच्या तलावांच्या बांधावर हौशी फोटो काढणारे दिसू लागतात. बहुतेकांच्या हातात मोबाइल किंवा साधा कॅमेरा असतो. साध्या कॅमेऱ्याचं वसंताशी असलेलं नातं जवळजवळ निसर्गछायाचित्रणाइतकंच जुनं आहे.

१८९२ साली इंग्लंडात, ऐन एप्रिलमध्ये, कीर्टन बंधूंनी अंडी असलेल्या एका घरट्याचा फोटो काढला. १८९५ साली त्यांचं घरट्यांवरचं पुस्तक आलं, सगळं छायाचित्रांनी सजलेलं. घरटं निवडण्याचं कारण उघड होतं: ते हलत नाही. पुढे १९०० साली कोडॅकने एक डॉलरला ब्राउनी आणली आणि कॅमेरा सामान्यांच्या घरात गेला. पण शटरचा एकच वेग, एकच फोकस. भरपूर ऊन असेल तरच फोटो उठायचा.

आपल्याकडे तीच जागा बडोद्यात बनणाऱ्या आग्फा क्लिक थ्रीने घेतली. १२० आकाराचा फिल्मरोल, त्यात बारा चौकोनी फोटो. त्यानंतर छत्तीस फोटोंच्या रोलचे हॉटशॉट आणि केबी टेन आले. झूम कशालाच नव्हता. उडता पक्षी म्हणजे निगेटिव्हवर एक ठिपका. म्हणून या कॅमेऱ्यांनी फुललेली झाडं टिपली, आणि ते योग्यच झालं.

कारण आपल्या पानगळीच्या जंगलात वसंतात काटेसावर, पळस आणि पांगारा निष्पर्ण होऊन फुलतात. पक्षी लपत नाहीत, मधासाठी पुन्हापुन्हा त्याच फांदीवर येतात. काटेसावरीच्या जाड पाकळ्यांत मैना डोकं खुपसते आणि बाहेर काढते तेव्हा तिच्या कपाळावर पराग चिकटलेले असतात. ती पुढच्या फुलाकडे वळेपर्यंत साध्या कॅमेऱ्यालाही सवड मिळते. पळसमैनांचे थवे तर परतीच्या प्रवासापूर्वी अशा झाडांवर तुटून पडतात. पक्ष्यामागे धावण्यापेक्षा झाडाजवळ थांबणं मला आजही जास्त पटतं.

कीर्टन बंधूंची वाट मात्र आता सोडायला हवी. माणूस जवळ आला तर पक्षी घरटं टाकून जातात, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यात घरट्याला त्रास देणं शिकारीच्या व्याख्येत येतं. ऐन विणीच्या दिवसांत शिंजिराच्या लोंबत्या घरट्याशी मोबाइल नेणारे पाहिले की जीव कासावीस होतो.

डिजिटल काळात अंतर तुटलं. २०१५ साली निकॉनचा पी ९०० आला तो ८३ पट झूम घेऊन, वेगळी लेन्स न लावता. नव्वदच्या दशकापासून ठाणे खाडीत मोठ्या संख्येने येणारे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, अशा कॅमेऱ्यांच्या टप्प्यात आले. ओहोटीला ते दूर चिखलात चरतात. भरती चढली की चिखल बुडतो आणि ते नेरुळच्या तलावांत, बांधापासून जवळ येऊन उभे राहतात. म्हणून इथली हौशी मंडळी आधी भरतीची वेळ बघतात, मग ट्रेनची.

खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ साली रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. नेरुळचे तलाव अभयारण्याच्या हद्दीबाहेर राहिले. खाडीचं पाणी त्यांच्यात येण्याच्या वाटा बुजल्या, तर रोहित तिथे उतरणार नाहीत.