मध्ययुगीन इंग्लंडमधल्या जमीनदार घराण्यांची नाती आम्ही कशी शोधतो : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे येणारे मराठी ग्राहक बहुतेक ब्रिटनमध्ये स्थायिक झालेले असतात. कुणाची सून इंग्लिश, कुणाचा जावई. व्याह्यांच्या घरी जेवताना विषय निघतो, ‘आमचं घराणं थेट अमुक नाइटपर्यंत जातं’, आणि दिवाणखान्यात वंशवृक्षाची एक फ्रेमही लावलेली असते. नातवंडांसाठी दोन्हीकडची वंशावळ एकत्र करायला घेतली की त्या फ्रेममधलं खरं किती, हा प्रश्न उभा राहतो. काम सोपवण्याआधी काय मिळू शकतं, काय मिळत नाही आणि आम्ही पुरावा कशाला म्हणतो, ते वाचून घ्यावं म्हणून हे पत्रक.

आधी १५३८ पर्यंत पोचा

इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद प्रत्येक चर्चने ठेवावी, असा हुकूम राजा आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ साली काढला. त्याआधी अशा नोंदवह्या जवळजवळ नव्हत्याच. म्हणजे आजपासून १५३८ पर्यंतचा रस्ता एका प्रकारचा आणि त्यामागचा अगदी वेगळ्या प्रकारचा. पुष्कळ वंशावळी सतराव्या-अठराव्या शतकातच अडकतात. तिथला दुवा पक्का नसेल, तर पंधराव्या शतकातला नाइट कितीही खरा असला तरी तो तुमच्या व्याह्यांचा पूर्वज ठरत नाही. मधली कडी तपासल्याशिवाय आम्ही मध्ययुगातलं काम हाती घेत नाही.

या पत्रकातली जमीनदार घराणी, इंग्रजीत ‘जेंट्री’, म्हणजे बडे उमराव नव्हेत. एखाद-दोन मॅनरचे, म्हणजे जमीनदारी इस्टेटींचे मालक, नाइट, त्यांच्या खालच्या दर्जाचे एस्क्वायर, नुसते ‘जंटलमन’ अशी ही मंडळी. त्यांच्या घरी कोण जन्मलं याच्याशी राजाला कर्तव्य नव्हतं. जमीन कुणाच्या ताब्यात आहे, तो मेल्यावर ती कुणाकडे जाणार आणि त्यातून सरकारला काय येणार, याच्याशी मात्र होतं. त्यामुळे नात्यांचे उल्लेख सापडतात ते जमीन हस्तांतरित होताना. आडनावाचा माग काढणारा चकतो, मॅनरचा माग काढणारा सहसा पोचतो.

वारस कोण, वय काय

थेट राजाकडून जमीन धारण करणारा माणूस वारला, की एस्कीटर नावाचा सरकारी अधिकारी त्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, येऊन स्थानिक लोकांची ज्युरी बसवायचा. शपथेवर विचारायचा : हा कधी वारला, त्याच्याकडे कोणती जमीन कुणाकडून होती, जवळचा वारस कोण, त्याचं वय किती. उत्तरं लॅटिनमध्ये चर्मपत्रावर उतरायची आणि खाली ज्युरींच्या मोहरा लागायच्या. आपल्याकडच्या वतनाच्या वादात गोतसभा बसून महजर व्हायचा, तो ज्यांनी वाचला आहे त्यांना या कागदांचा सूर ओळखीचा वाटेल. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धापासून सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत अशा चौकश्या होत राहिल्या. त्यांचे कागद लंडनमध्ये क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत.

वारसाच्या वयावर मात्र भिस्त ठेवू नका. ‘२१ वर्षे व अधिक’ याचा अर्थ एवढाच, की तो सज्ञान आहे. तो पंचेचाळीस वर्षांचाही असू शकतो. एकाच मृताची जमीन तीन काउंट्यांत असेल तर तीन ज्युरी बसत, आणि त्या वारसाची तीन वयं सांगून मोकळ्या होत. मृत्यूची तारीखही कधीकधी चार-सहा दिवसांनी सरकते. अशा वेळी आमच्या अहवालात ‘सुमारे’ हा शब्द दिसेल. तो काढून टाका असा आग्रह धरू नये.

वारस अल्पवयीन असेल तर पुढे आणखी एक कागद तयार होई : वयाचा दाखला. मुलगा २१ चा झाला, किंवा मुलगी विवाहित असल्यास १४ ची आणि अविवाहित असल्यास १६ ची, की जमीन ताब्यात मिळण्यासाठी शेजारपाजारच्या जाणत्यांची साक्ष काढत. तुम्हाला याच्या जन्माचं साल कसं आठवतं? कुणी म्हणे, त्याच दिवशी मी घोड्यावरून पडून पाय मोडला. कुणी म्हणे, त्या आठवड्यात माझ्या बापाला पुरलं. वाचायला हे फार मजेचं आहे, आणि ग्राहकांना अहवालात सगळ्यात जास्त हेच आवडतं. पण त्याच त्या आठवणी वेगवेगळ्या दाखल्यांत इतक्यांदा भेटतात, की कारकुनाने साचा वापरला असावा अशी शंका येते. वय आम्ही घेतो, मोडलेला पाय घेत नाही.

एक गोष्ट ग्राहकांच्या लक्षात येत नाही. ज्याला मूलबाळ नव्हतं, त्याच्या चौकशीचा कागद आमच्या दृष्टीने सोन्याची खाण असतो. बापाच्या मागे मुलगा आला तर कागदात एकच नाव येतं. वारसाहक्क थोरल्या मुलाचा. केंटसारख्या भागात भावांत सारखी वाटणी होई, तो अपवाद. पण मुलगा नसेल तर सगळ्या मुली सारख्या हक्काच्या. मुलीही नसतील तर बहिणी, आणि एखादी बहीण वारली असेल तर तिच्या जागी तिची मुलं. मग एकाच चर्मपत्रावर लग्न होऊन तीन-चार घराण्यांत गेलेल्या बहिणी, त्यांचे नवरे आणि भाचे असा सगळा गोतावळा सापडतो. म्हणून तुमच्या शाखेत ‘निपुत्रिक, दुर्लक्ष करावे’ असं कुणी लिहून ठेवलं असेल, तर तो माणूस आम्हाला आधी दाखवा.

कोर्टात सांगितलेली वंशावळ

आमच्या मते सर्वांत भरवशाची वंशावळ भांडणात सापडते. १२८५ च्या कायद्यानंतर, अमुक जोडप्याला आणि त्यांच्या वंशजांनाच दिलेली जमीन बाहेर गेली, तर वंशजाला दावा लावून ती परत मागता येऊ लागली. दाव्यात मूळ मालकापासून स्वतःपर्यंत प्रत्येक पायरी सांगावी लागे : अमक्याकडून हक्क तमक्याकडे मुलगा व वारस म्हणून आला, तो निपुत्रिक वारल्याने भावाकडे गेला, तिथून पुतण्याकडे. समोर प्रतिवादी चूक शोधायला टपून बसलेला असे. खोटं बोलणारे तेव्हाही होतेच, पण कोर्टात विरोधकापुढे बोललेलं खोटं आणि दिवाणखान्यात टांगलेलं खोटं यांत फरक आहे. या खटल्यांच्या गुंडाळ्यांचे फोटो अमेरिकेतल्या ह्यूस्टन विद्यापीठाच्या प्रकल्पामुळे इंटरनेटवर फुकट पाहता येतात. ते हस्ताक्षर आणि लॅटिनची संक्षेपचिन्हं वाचता येत असतील तर खुशाल स्वतः पाहा, आमची फी वाचेल.

११९५ पासून जमिनीच्या व्यवहारांचे आणखी एक प्रकारचे करारही आहेत. एकाच चर्मपत्रावर तीन प्रती लिहून ती नागमोडी कापत, आणि तळची प्रत सरकारात राही. पत्नीच्या जमिनीचा व्यवहार असला की तिचं नाव येतंच. लहान पण कामाचा पुरावा.

दोन भाऊ, दोघेही जॉन

नॉर्फक काउंटीतल्या पॅस्टन घराण्याचं उदाहरण देतो, कारण त्यांचा पत्रव्यवहार टिकला आहे आणि कुणालाही पडताळून पाहता येतो. जॉन पॅस्टन १४६६ मध्ये वारला. त्याच्या थोरल्या मुलाचं नाव जॉन. दुसऱ्याचंही नाव जॉन. दोघे एकाच वेळी हयात, दोघेही पुढे नाइट झालेले, आणि एकमेकांना पत्रं लिहिणारे. थोरला अविवाहित राहून १४७९ साली गेला आणि मालमत्ता धाकट्या जॉनकडे आली. पत्रं हाती नसती आणि नुसते जमिनीचे दोन कागद मिळाले असते, तर कुणीही बाप-लेक म्हणून एक पिढी जास्त मोजली असती. तुमच्या फ्रेममध्ये ओळीने तीन रॉबर्ट किंवा चार विल्यम असतील, तर आम्ही आधी तिथेच बोट ठेवतो. कागदात ‘थोरला’, ‘धाकटा’ लिहिलेलं असलं तरी ते बाप-लेक असतीलच असं नाही.

नात्याच्या शब्दांचंही तसंच. ‘कझिन’ हा नातूही असू शकतो. मृत्युपत्रातला ‘भाऊ’ पुष्कळदा मेव्हणा निघतो. मृत्युपत्रात थोरल्या मुलाचं नावच नाही, म्हणून तो आधी वारला असं धरू नका. जमीन त्याच्याकडे कायद्यानेच जायची, आणि १५४० पर्यंत बहुतेक ठिकाणी ती मृत्युपत्राने देताही येत नव्हती. तिथे भांडी, बिछाने आणि गुरं धाकट्यांना वाटलेली दिसतात.

माहेरची बाजू

याच घराण्यातली मार्गरेट, म्हणजे या दोन जॉनची आई. ती मॉटबी घराण्याची मुलगी आणि वारसदार. फेब्रुवारी १४८२ मध्ये, त्या काळच्या हिशेबाने १४८१ मध्ये, कारण तेव्हा साल २५ मार्चला बदलायचं, तिने मृत्युपत्र केलं. मला मॉटबी गावच्या चर्चमध्ये माझ्या पूर्वजांत पुरा, आणि थडग्याच्या दगडावर चार कोपऱ्यांत चार ढाली कोरा, असं तिने लिहून ठेवलं. पहिल्या ढालीवर नवऱ्याची आणि तिची कुलचिन्हं. दुसरीवर मॉटबी आणि रीडहॅमचे बर्नी, म्हणजे तिच्या आईचं माहेर. तिसरीवर मॉटबी आणि लॉर्ड लव्हेन. चौथीवर मॉटबी आणि सर रॉजर बोशां. मधोमध मात्र एकट्या मॉटबींची ढाल.

एका बाईने आपल्या माहेराची सोयरीक दगडावर कशी मांडली, ते इथे आयतं वाचायला मिळतं. लग्नानंतर ती पॅस्टन झाली, तरी मधली ढाल माहेरचीच. थडग्यांवरचे पितळी पत्रे, खिडक्यांच्या काचा आणि मोहरा यांवरची कुलचिन्हं आम्ही म्हणूनच तपासतो. ढालीचे उभे दोन भाग म्हणजे सहसा नवरा-बायको. चार खण पडलेले असतील तर बहुधा एखाद्या वारसदार मुलीमार्फत आलेला हक्क. एवढं बरीक आहे, की चिन्ह हा अंगुलिनिर्देश झाला, दाखला नव्हे. एकाच चिन्हावर दोन घराणी हक्क सांगत. स्क्रोप आणि ग्रॉव्हनर यांचा निळ्या ढालीवरच्या सोनेरी पट्ट्यासाठीचा खटला १३८५ ते १३९० चालला, आणि त्यात साक्ष द्यायला कवी जेफ्री चॉसर आला होता.

नवराबायको आधीचे नातलग असतील तर पोपच्या दरबारात परवानगीची नोंद सापडू शकते. १२१५ पासून चौथ्या पायरीपर्यंतच्या, म्हणजे खापरपणजोबा समान असलेल्या नात्यात लग्नाला मनाई होती. सूट मागताना पायरी सांगावी लागे. अशी एक ओळ दोन घराण्यांचं जुनं नातं उघड करते. क्वचितच मिळते, पण मिळाली तर काम फत्ते.

फ्रेममधला वंशवृक्ष

१५३० ते १६८८ या काळात राजाचे हेराल्ड काउंटी-काउंटीत फिरून कुलचिन्हं तपासत आणि वंशावळी उतरवून घेत. घरोघरचे वंशवृक्ष शेवटी याच वंशावळींच्या छापील प्रतींवरून आलेले असतात. सांगणारा, त्याचा बाप आणि आजोबा इथवर त्या बहुधा ठीक. त्यामागचं घरच्यांनी सांगितलं आणि हेराल्डने लिहिलं.

आणि घरचे काय सांगत, याचा नमुना पुन्हा पॅस्टनच. १४६६ साली राजा चौथ्या एडवर्डने पॅस्टन हे इंग्लंडवरच्या १०६६ सालच्या नॉर्मन विजयापासूनचे कुलीन असल्याचं मान्य केलं. कुटुंबाने त्यासाठी जुने कागदही पुढे केले होते. विरोधकांनी लिहून ठेवलेली हकिकत वेगळी आहे : पणजोबा क्लेमंट साधा शेतकरी, फार तर शंभर-एकशेवीस एकर जमीन, खोगीर नसलेल्या घोड्यावर धान्य टाकून त्यावरच बसून गिरणीत जायचा. त्याने कर्ज काढून मुलाला, विल्यमला, शिकवलं आणि तो १४२९ मध्ये न्यायाधीश झाला. विरोधकांना आपला कावा साधायचा होता हे खरं, पण राजाच्या शिक्क्याची वंशावळ आज कुणी जाणकार जशीच्या तशी स्वीकारत नाही. आम्हाला विचाराल, तर कर्ज काढून मुलाला शिकवणारा क्लेमंट हाच जास्त मिरवण्याजोगा पूर्वज आहे.

काम कसं चालतं

आम्ही टप्प्याटप्प्याने काम घेतो. पहिल्या टप्प्यात छापील आणि ऑनलाइन साधनं : चौकश्यांचे छापील गोषवारे, काउंटीवार इतिहासातले मॅनरचे मालकी-क्रम, मृत्युपत्रांच्या सूची. तेवढ्यावर पुढे जाण्यात अर्थ आहे की नाही, हे आम्ही स्पष्ट सांगतो. दुसऱ्या टप्प्यात क्यूला किंवा काउंटीच्या दप्तरखान्यात मूळ कागद पाहतो. काही कागदांवर एकोणिसाव्या शतकात अक्षर उठून दिसावं म्हणून मायफळाचा अर्क फासला गेला आणि ते काळे पडले. अशा वेळी दुसऱ्या खात्यात गेलेली प्रत शाबूत आहे का ते शोधतो, त्याला वेळ लागतो. फी तासांवर असते आणि दुवा सापडला नाही तरी द्यावी लागते.

अहवालात प्रत्येक दुव्यापुढे ‘सिद्ध’, ‘संभाव्य’ किंवा ‘दावा’ यांपैकी एक शेरा असतो. शेरा बदलून देण्याची विनंती कृपया करू नये. डीएनए चाचणीचा निकाल पाठवलात तर आम्ही वाचू, पण सामान्य चाचणीने पाचशे वर्षांमागचं ठरावीक नातं सिद्ध होत नाही.

सुरुवातीला आम्हाला हवं ते एवढंच : फ्रेमचा स्वच्छ फोटो, तिच्या मागच्या बाजूचाही, कारण ती कुणी आणि कधी करून घेतली ते पुष्कळदा मागेच लिहिलेलं असतं, घरातल्या जुन्या बायबलवरच्या नोंदी, आणि घराण्याशी जोडलेल्या गावांची नावं. घरात एखादं जुनं चर्मपत्र निघालं तर ते टपालाने पाठवू नका, इस्त्री करू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच नको. घडी जबरदस्तीने न उघडता दिसेल तेवढ्या भागाचा फोटो पाठवा, पुढचं कसं करायचं ते आम्ही कळवू.