हाड ठिसूळ की हाड मऊ?

मोफत हाड-तपासणीचं शिबिर लागतं, टाच यंत्रात ठेवतात, चिठ्ठीवर उणे दोनच्या पुढचा काहीतरी आकडा (टी-स्कोअर, म्हणजे तरुण हाडाच्या मानानं आपलं हाड किती कमी) येतो, आणि ‘हाडं ठिसूळ झालीत, कॅल्शियम कमी पडलंय’ असं सांगून गोळ्यांची डबी हातात पडते. लातूरपासून हिंगोलीपर्यंत तालुक्याच्या कुठल्याही गावात हे बघायला मिळतं. पण त्या आकड्याआड दोन निरनिराळे आजार असू शकतात. एकात हाड ठिसूळ होतं, त्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. दुसऱ्यात हाड मऊ पडतं, तो ऑस्टिओमलेशिया. पहिला जन्मभर सांभाळावा लागतो. दुसरा बहुतेक वेळा काही महिन्यांत बरा होतो, आणि नेमका तोच नजरेतून सुटतो, हे मला जास्त खटकतं.

गुडघ्याची झीज या दोन्हींत येत नाही. ती सांध्यातल्या कूर्चेची. गुडघे करकरतात म्हणून हाडाच्या गोळ्या खाण्यात काही अर्थ नाही, एवढं सांगून तो विषय इथंच सोडतो.

हाड म्हणजे नुसता चुना नव्हे. कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंची एक वीण असते आणि तिच्यात कॅल्शियम-फॉस्फरसचे बारीक स्फटिक बसलेले असतात. तंतू ताण सोसतात, स्फटिक दाब सोसतात. घरी करून बघण्यासारखा प्रयोग आहे. कोंबडीच्या तंगडीचं स्वच्छ हाड व्हिनेगरमध्ये आठवडाभर बुडवून ठेवा. क्षार विरघळून जातात, तंतू उरतात आणि हाड हातानं वाकवता येतं. तसंच दुसरं हाड चुलीत जाळलं तर तंतू जळून जातात. आकार तसाच राहतो, पण बोटानं दाबलं की चुरा होतो.

शेतातल्या आखाड्यावर तुराट्यांचा कूड उभा करून त्यावर शेणामातीचा गिलावा देतात, तो डोळ्यांसमोर आणा. ऑस्टिओपोरोसिसमध्ये तुराट्या आणि माती यांचं आपसातलं प्रमाण बरोबर असतं, पण मुळात कूडच विरळ झालेला असतो, मधे भगदाडं पडलेली असतात. ऑस्टिओमलेशियात तुराट्या दाट उभ्या आहेत, पण गिलावाच झालेला नाही. पहिला धक्क्यानं मोडतो, दुसरा भारानं झुकतो.

असं का होतं हे कळायला हाड सतत नव्यानं घडत असतं हे ध्यानात घ्यावं लागतं. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुनं हाड कुरतडून काढतात. मग ऑस्टिओब्लास्ट येतात, त्या खड्ड्यात तंतूंची ताजी वीण घालतात, आणि साधारण दोन आठवड्यांत त्या विणीत क्षार भरायला सुरुवात होते. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दरवर्षी असा बदलला जातो. पंचविशी-तिशीपर्यंत भरणा जास्त असतो, पुढं काही वर्षं बरोबरीत चालतं, मग तूट सुरू होते. बाईची पाळी थांबली की इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचा लगाम सुटतो, कुरतडणं एकदम वाढतं, आणि पहिल्या पाच-सात वर्षांत हाड सगळ्यात झपाट्यानं कमी होतं. ऑस्टिओपोरोसिस तो हाच. ऑस्टिओमलेशियात कुरतडणारे आणि विणणारे दोघंही कामावर हजर असतात, पण ड जीवनसत्त्व नसल्यामुळं कॅल्शियम-फॉस्फरसचा पुरवठा होत नाही. वीण कच्चीच राहते, आणि दर फेरीला कच्च्या हाडाचा थर वाढत जातो.

शाळेत आपण हाडांचं वर्गीकरण आकारावरून शिकलो. लांब, आखूड, चपटी, वेडीवाकडी, आणि गुडघ्याच्या वाटीसारखी स्नायूच्या दोरीत बसलेली. एकूण 206. परीक्षेला ते ठीक आहे. या दोन आजारांसाठी मात्र दुसरी वाटणी कामाची: बाहेरचं सघन हाड आणि आतलं जाळीदार हाड. सांगाड्याच्या वजनात सघन हाड सुमारे 80 टक्के, जाळीदार 20. पण जाळीदार हाडाला पृष्ठभाग भरपूर, म्हणून कुरतडणाऱ्या पेशींना तिथं रान मोकळं. पाठीचे मणके, खुब्याजवळची मांडीच्या हाडाची मान आणि मनगट या जागी त्याचा वाटा मोठा असतो, आणि ऑस्टिओपोरोसिस याच तीन जागी माणसाला गाठतो. हात टेकून पडल्यावर होणाऱ्या मनगटाच्या फ्रॅक्चरला आजही कोलिसचं फ्रॅक्चर म्हणतात. डब्लिनच्या अब्राहम कोलिस यांनी 1814 साली त्याचं वर्णन लिहिलं, क्ष-किरणांचा शोध लागायच्या 81 वर्षं आधी. मऊ हाडाला जागेचं एवढं वेड नसतं. जिथं भार, तिथं ते खचतं: कंबरेचा घेर, मांडी, बरगड्या, पाऊल.

लहान मुलात हाच मऊपणा वेगळा दिसतो, कारण मुलाचं हाड अजून लांबीला वाढत असतं. लांब हाडांच्या टोकाशी कूर्चेची एक पट्टी असते, ग्रोथ प्लेट. तिच्यातल्या पेशी रांगेनं वाढत जातात आणि मागच्या बाजूनं त्यांच्या जागी पक्कं हाड तयार होतं. क्षार नसले की ती पट्टी पक्की न होता नुसतीच रुंदावते. मनगटं जाड दिसतात, बरगड्यांवर गाठींची ओळ हाताला लागते, मूल उभं राहायला लागलं की पाय बाहेरच्या बाजूला वाकतात. आपल्या आज्या याला मुडदूस म्हणायच्या. मुडदूस आणि ऑस्टिओमलेशिया हा एकच बिघाड आहे. ग्रोथ प्लेट मिटण्याआधी झाला तर पहिला, नंतर झाला तर दुसरा. 1919 मध्ये बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी अशा मुलांना अतिनील दिव्याखाली ठेवलं आणि त्यांची हाडं भरून आलेली क्ष-किरण चित्रांत दिसली.

आता लक्षणं. फरक सगळ्यात ढळढळीत इथंच दिसतो.

ठिसूळ हाड दुखत नाही. हे वाक्य फार कमी लोकांना माहीत असतं. ऑस्टिओपोरोसिस वर्षानुवर्षं गप्प असतो. एक दिवस न्हाणीत पाय घसरतो आणि खुबा मोडतो, किंवा भरलेली घागर उचलताना पाठीत कळ येते आणि मणका दबलेला निघतो. कधी कळही येत नाही, नुसती उंची कमी होत जाते आणि पोक येतं. त्यामुळं ‘अंग दुखतंय म्हणजे हाडं ठिसूळ झाली’ हा हिशेब बहुतेकदा चुकीचा असतो.

मऊ हाड मात्र दुखतं, आणि एका जागी नाही. ‘मावशी, नेमकं कुठं दुखतंय?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘एक जागा हाय का साहेब, समदं अंगच ठणकायलंय. खाली बसले की उठायला येईना.’ या दोन वाक्यांत अर्धं निदान झालं. कंबर, मांड्या, बरगड्या, नडगी इथं खोल ठणका असतो. नडगीच्या हाडावर अंगठा दाबला की बाई पाय मागं घेते. मांडी आणि खांद्याजवळचे स्नायू दुबळे होतात, म्हणून जमिनीवरून उठताना गुडघ्यावर किंवा भिंतीवर हात टेकावा लागतो, जिना चढवत नाही, चाल डुलती होते. अशा बायकांवर वाताचा शिक्का बसतो, नाहीतर ‘मनाचं दुखणं’ म्हणून बोळवण होते. वर्षभर वेदनाशामक गोळ्या खाऊन पोट बिघडतं ते वेगळंच.

मराठवाड्यात उन्हाचा तुटवडा कुणाला असेल, असं कुणीही विचारेल. ऊन आकाशात असून चालत नाही, ते कातडीवर पडावं लागतं. शहरातली घरात राहणारी बाई, बुरख्यातली बाई, गाडीवर डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फनं बांधणारी मुलगी, अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं, यांच्या कातडीपर्यंत ते पोचत नाही. सावळ्या कातडीला तर जास्त वेळ लागतो. शिवाय सकाळचं कोवळं ऊन घ्या, हा घरोघरी दिला जाणारा सल्ला ड जीवनसत्त्वाच्या बाबतीत फारसा उपयोगाचा नाही. त्यासाठी लागणारे यूव्हीबी किरण कोवळ्या उन्हात नगण्य असतात, ते मिळतात अकरा ते दोनच्या सुमारास. मे महिन्यात नांदेड-परभणीत त्या वेळी बाहेर बसा असं कुणी सांगणार नाही, पण हिवाळ्यात हात-पाय उघडे टाकून अंगणात बसायला काय हरकत आहे? खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन मात्र धरू नका, काच हे किरण अडवते.

दुसरी बाजू ताटाची. ज्वारीत 100 ग्रॅममागं कॅल्शियम 30 मिलिग्रॅमच्या आसपास, तर नाचणीत साडेतीनशेच्या घरात, आणि नाचणी आपल्या ताटात नसतेच. त्यात ज्वारीतला फायटेट नावाचा घटक असलेलं कॅल्शियमही धरून ठेवतो. धान्य आंबवलं की फायटेट कमी होतं, त्यामुळं येळवशीला (वेळा अमावस्येला) लातूर-धाराशिवच्या रानात पिली जाणारी ताकातली आंबील वर्षभर करायला हरकत नाही. तीळही संक्रांतीपुरते ठेवू नयेत. किडनीचा जुना आजार किंवा फिटच्या काही जुन्या गोळ्या यांनीही हाड मऊ पडतं. किनवट भागासारख्या ठिकाणी बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड हा आणखी एक गुंता. फ्लोराइडनं हाड बाहेरून दाट दिसतं आणि आतून त्याचं क्षार भरणं बिघडतं.

ठिसूळपणाची कारणं वेगळी: वय, लवकर थांबलेली पाळी, तंबाखू, दारू, दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी महिनोन्‌महिने घेतलेलं स्टेरॉइड, बसून राहणं. आणि आपल्या भागात एक कारण मोठ्यानं बोलायला हवं. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या ‘पिशव्या काढण्याचा’, म्हणजे गर्भाशय काढण्याचा, प्रश्न गाजला, सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. चर्चा झाली ती गरज नसताना केलेल्या शस्त्रक्रियांची, ती व्हायलाच हवी होती. हाडांविषयी मात्र फारसं कुणी बोललं नाही. पिशवीबरोबर अंडाशयही काढलं असेल तर इस्ट्रोजेन त्याच दिवशी बंद होतं. तिशीतल्या बाईचं हाड पन्नाशीतल्या बाईसारखं रिकामं व्हायला लागतं, आणि ती तर डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढणारी. नुसती पिशवी काढली तरी इस्ट्रोजेन बंद होण्याचं वय अलीकडं येऊ शकतं. अशा बाईच्या कागदावर अंडाशय ठेवलं की काढलं, हे लिहिलेलं असतं. तो कागद शोधून डॉक्टरांना दाखवावा.

तपासण्यांत खरी गफलत होते. शिबिरातलं टाचेचं यंत्र ध्वनिलहरींवर चालतं, ते नुसता अंदाज देतं. निदानासाठी मणके आणि खुब्याचा डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडाची घनता मोजणारा एक्स-रे, लागतो. 1994 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ठरवलेली उणे 2.5 ची रेघ त्याच स्कॅनला लागू आहे, टाचेच्या चिठ्ठीला नाही. पण डेक्साही क्षारच मोजतो. हाड विरळ असलं तरी आकडा खाली, आणि वीण दाट पण क्षार नसले तरी आकडा खालीच. दोन्हींतला फरक त्याला सांगता येत नाही. तो सांगतं साधं रक्त: कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, ड जीवनसत्त्व, आणि जमलं तर पॅराथायरॉइड हार्मोन. ऑस्टिओपोरोसिसमध्ये हे आकडे बहुधा ठीक असतात, फ्रॅक्चर ताजं असेल तर फॉस्फटेज थोडं चढतं. ऑस्टिओमलेशियात ड तळाला, फॉस्फरस कमी, फॉस्फटेज आणि पॅराथायरॉइड हार्मोन चढलेले. सोबत एक्स-रेत मांडीच्या किंवा कंबरेच्या हाडाला आडव्या फिकट रेघा दिसल्या, ज्यांना लूझरच्या रेघा म्हणतात, तर शंका उरत नाही.

उपचारही त्यामुळं वेगळे. मऊ हाडाला ड आणि कॅल्शियम मिळालं की आधी स्नायूंत ताकद येते, मग ठणका ओसरतो. 60,000 युनिटची पुडी साधारण आठवड्याला एक, अशी ठरावीक आठवडे देतात. ती रोज खाणारे, किंवा बरं वाटलं म्हणून वर्षभर चालू ठेवणारे लोक आहेत. त्यानं रक्तातलं कॅल्शियम वाढून उलट्या, मलावरोध आणि किडनीचं दुखणं मागं लागतं. ठिसूळ हाडाला पुडीनं भागत नाही. तिथं कुरतडणाऱ्या पेशींना आवरणारी औषधं लागतात, जसं आठवड्याला एकदा अॅलेंड्रोनेट. ती गोळी सकाळी अनशापोटी, तांब्यातल्या साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि पुढं अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका पोळते. वर्षातून एकदा सलाइनमधून देण्याचं झोलेड्रॉनिक अॅसिडही त्याच कुळातलं.

साठीच्या बाईत हे दोन्ही आजार एकत्रही असतात. तेव्हा क्रम चुकवायचा नाही. ड भरून न काढता ही औषधं दिली, तर हाडातून रक्तात येणारं कॅल्शियम अडतं, रक्तातली पातळी घसरते, तोंडाभोवती मुंग्या येतात, हातापायांत गोळे येतात. म्हणून आधी ड आणि कॅल्शियम, मग रक्त पुन्हा तपासून ही औषधं. हाड नुसतं मऊच होतं अशी शंका असेल, आणि आकडा लगेच धोक्याचा नसेल, तर साधारण वर्षानं डेक्सा पुन्हा करतात. तोवर आकडा जेवढा वर आला तेवढा भाग मऊपणाचा होता. तरीही जो खाली राहिला, तो ठिसूळपणाचा.